उसना दम

१२ फेब्रुवारी

ती. बाबांना,

नमस्कार. पाकीट बघून काळजात धस्स झालं असेल, तर तसं काही नाही. मी धडधाकट आहे, नापास झालेले नाही आणि कुणाबरोबर पळूनही गेलेले नाही. पत्र लिहावं लागतंय ते तुमच्यामुळे. फोनवर तुम्ही "जेवलीस का, अभ्यास कसाय" एवढं विचारता आणि मी तोंड उघडायच्या आत "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होता. हे घरी आलं असतं तर आईनेच फोडलं असतं, म्हणून तुमच्या पॉवर प्लँटच्या पत्त्यावर पाठवतेय.

इकडे सगळं ठीक. गळका नळ एकदाचा दुरुस्त झाला. माझी खोलीतली मैत्रीण अजूनही सगळे दिवे चालू ठेवून बाहेर जाते, आणि वीज वाचवायची भाषणं मीच ठोकते म्हणून दिवे बंद करायचं कामही माझंच.

बँकेचं तुम्हाला थोडंफार माहीत आहे. आमच्या कॉलेजचा सगळा पैसा जिथे असतो ती बँक खाणींना आणि कोळशावरच्या वीजकेंद्रांना कर्जं देते. ती कर्जं बंद करा, नाहीतर कॉलेजची खाती दुसरीकडे हलवायला लावू, म्हणून आम्ही मुलं तिच्या मागे लागलोय. शाखेसमोर फलक घेऊन उभं राहतो. मध्ये आम्ही दाराच्या काचेवर कोळशाने हात उमटवले, तर मॅनेजरबाईंनी बादली आणि फडकं आणून दिलं. आम्हीच पुसलं. ते पाणी अगदी तुमचे कपडे भिजवल्यावर होतं तसं झालं होतं. फोनवर हे ऐकून आई हसली आणि मागून तुम्ही ओरडलात, "वीज नको तर अंधारात बस म्हणावं!" मी चिडले नाही. थोडी चिडले.

तेव्हा एक सांगायचं राहून गेलं. राहून कसलं, टाळलंच मी. आम्हाला जे कर्ज अडवायचंय ते तुमच्याच केंद्राच्या नव्या युनिटचं आहे.

पत्र खाली ठेवू नका, बाबा.

मागच्या आठवड्यात बँकेने जरा नमतं घेतलं. त्यांचे एक बडे साहेब आम्हाला भेटायला कॉलेजच्या सभागृहात आले. माणूस वाईट नव्हता. आमच्या मोहिमेचा म्होरक्या, ज्याला आम्ही पुढारीच म्हणतो, त्याने राख, धूर, खोकला असं सगळं तावातावाने मांडलं. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि पडद्यावर तुमच्या केंद्राचा आरोग्य अहवाल लावला. कोळसा विभागातल्या कामगारांची फुप्फुसं म्हणे शहरातल्या माणसांपेक्षा दणकट! "मशीनमध्ये फुंकून घेतलेले आकडे आहेत," साहेब म्हणाले, "मशीन कुणाची बाजू घेत नाही."

आणि मला हसू फुटलं. भर सभेत. आवरता आवरेना. कारण माझ्या डोळ्यांसमोर भाताकाका आले.

एवढी मोठी छाती, म्हणून अख्ख्या कॉलनीने त्यांचं नाव भाता ठेवलं. तपासणीच्या दिवशी हेल्मेट बदलून, तोंडाला कधी हा रुमाल कधी तो बांधून, एकेकाचं कार्ड घेऊन आत जायचे आणि तुमच्यासकट निम्म्या पाळीच्या नावाने नळीत फुंकून यायचे. कुणासाठी जोरात फुंकायचं आणि कुणासाठी हात राखून, ते तुम्ही मंडळी आपल्याच व्हरांड्यात बसून ठरवायचात. मला तो तुमचा खेळच वाटायचा. आता बँक जो अहवाल नाचवतेय, तो बराचसा एकट्या भाताकाकांच्या छातीचा आहे.

साहेब म्हणाले, "काय झालं, आम्हालाही सांगा की." मी म्हटलं, "काही नाही, सर." पण पुढारी कसला सोडतोय! बाहेर आल्यावर त्याने खोदून खोदून विचारलं आणि मी बोलून बसले. नाव कुणाचंच घेतलं नाही. तो उडालाच. "अगं, एवढं सांगितलंस तर कर्ज जागच्या जागी अडेल!" महिनाअखेरीला पुन्हा सभा आहे. माझ्या होकाराशिवाय तोंड उघडणार नाही असं त्याने कबूल केलंय, आणि तो शब्दाचा पक्का आहे. म्हणजे घोंगडं माझ्याच गळ्यात.

तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. वर्गात बसते, उठून बाहेर येते, पुन्हा जाऊन बसते. बोलले तर सगळ्यांची नव्याने तपासणी होईल. तुम्ही अनफिट ठराल, काम जाईल, मागोमाग क्वार्टर जाईल. भाताकाकांना तर घरीच बसवतील. गप्प राहिले तर नवं युनिट येईल, आणि त्याच्याबरोबर व्हरांड्यात बसून नवी माणसं तेच ठरवायला लागतील.

पण मी परवानगी मागायला लिहीत नाहीये. इतकं लिहून झालं तरी मुद्द्याला हात घालायचा धीर होत नाही. सुट्टीत आले होते तेव्हा जिना चढताना तुम्ही मध्येच थांबलात आणि माझ्याशी गप्पा मारायला लागलात. तुम्ही! गप्पा! मी खुळी खूश झाले. मग लक्षात आलं, तुम्हाला दम लागला होता. इतकी वर्षं तुमच्या नावाने दुसरंच कुणी फुंकत आलं. त्यामुळे तुमची छाती किती उरलीय ते कंपनीला माहीत नाही, आईला नाही, मला नाही. तुम्हालाही नाही. मला फार भीती वाटते, बाबा. बँकेचं काय व्हायचं ते होवो, मला आधी एवढं कळायला हवं.

रागवा, पण उत्तर द्या.

तुमची,
ठमी

***

२१ फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाळीच्या नोंदींपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही, तेव्हा हेही तसंच होणार.

आधी रागावून घेतो. घरातली गोष्ट तू बाहेर बोललीस, ते मला आवडलेलं नाही. नव्या युनिटवर इथल्या पोरांना काम लागणार आहे, तेही तुमच्या पुढाऱ्याला सांग. ती पोरं काय करतील ते त्याने मला कळवावं. झालं रागावून.

चार दिवसांमागे तपासणी होती. भात्या नेहमीसारखा कार्ड मागायला आला. मी दिलं नाही. म्हणाला, "डोकं फिरलं का तुझं?" मी म्हटलं, "पोरगी विचारतेय." मग तो दारापर्यंत माझ्याबरोबर आला.

फुंकलं. सिस्टरला वाटलं मशीन बिघडलं. तिने नळी बदलून पुन्हा फुंकायला लावलं. मग म्हणाली, "गेल्या वर्षी तर किती छान होतं हो तुमचं!" डॉक्टरांनी बसवून ठेवलं, छातीचा फोटो काढला. छाती निम्म्याहून कमी उरलीय म्हणाले. सांभाळलं तर तेवढ्यावर पुष्कळ वर्षं निघतील असंही म्हणाले, ते तुझ्यासाठी मुद्दाम लिहितोय. कामावरून उतरवलंय. क्वार्टरचं बघू.

बाकीच्यांची कार्डं भात्यानेच नेली. त्यांचं त्यांनी ठरवावं. सभेत त्याच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. माझ्याबद्दल बोलायचं असेल तर नाव घेऊन बोल. माझा आकडा आता माझाच आहे.

आईला सांगितलेलं नाही. सकाळी डबा घेऊन वेळेवर निघतो, दिवसभर तलावाकाठी बसतो आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी येतो. ती विचारते, आज काम कसं झालं. मी म्हणतो, नेहमीसारखं. हे काही मला फार दिवस जमायचं नाही.

सभा झाल्यावर नको, सभेच्या आधी एकदा येऊन जा. तू शेजारी बसलीस तर मी तिला सांगेन.

तुझी वाट बघणारा,
बाबा