निरंक

प्रिय पद्मा,

आज तुझ्या मृत्यूची नोंद करायला महापालिकेत गेले होते, आणि तिथल्या खिडकीशी भांडून आले. ज्या शब्दावरून मी त्या माणसावर ओरडले तो शब्द माझाच होता, हे परतताना रिक्षात लक्षात आलं. म्हणून चपला काढल्या तशी लिहायला बसले आहे.

खरं तर अशोकनं जायला हवं होतं. पण माझा भाऊ, तुझा नवरा, तेरवीपासून खुर्चीत बसून आहे. चहा दिला तर पितो, नाही दिला तर मागत नाही. चहा मागावा लागतो हे तरी तू त्याला कधी शिकवलंस? असो. मी गेले. नाव, वय, पत्ता सांगितला. मग खिडकीतला म्हणाला, "मयताचा व्यवसाय?" मी तोंड उघडायच्या आत त्यानं स्वतःच उत्तर काढलं. "घरीच होत्या ना मॅडम? मग निरंक टाकतो."

निरंक! पद्मा, मी काय काय बोलले ते लिहीत नाही. रांगेतल्या लोकांनी मोबाइलमधून डोकी वर काढली. "नऊ वर्षं तिनं अर्धांगवायूच्या पेशंटला सांभाळलंय. रुग्णसेवा लिहा!"

तो थंडपणे म्हणाला, "पुरावा आणलाय का?"

तुला आठवतं ना, हे दोन्ही शब्द तुला आधी कुणी ऐकवले होते?

आईला जाऊन महिना झाला होता. माझी आई, तुझी सासू, आणि तू सांभाळलेली ती पेशंट. तू आमच्या रोजगार कार्यालयात आलीस. इस्त्रीची जांभळी साडी, दहावीचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत. मी नोंदणीच्या टेबलावर होते, आणि सगळं ऑफिस मला घाबरतं याचा मला फार अभिमान होता. रुग्णसहायकांच्या सरकारी प्रशिक्षणाची जाहिरात लागली होती. ज्यांनी हे काम आधी केलेलं आहे त्यांनी वर्गात बसायची गरज नव्हती. थेट परीक्षा, प्रमाणपत्र, आणि दवाखान्यांकडे जाणाऱ्या यादीत नाव.

"आक्का, माझं बी नाव लावा की," तू म्हणालीस. "मला हेच एक काम येतंय बघा. पन लई चांगलं येतंय."

मी फॉर्म भरायला घेतला. शिक्षण, दहावी, धर्माबाद. भाषा, मराठी आणि तेलुगू. अनुभवाच्या रकान्यापाशी आल्यावर मी विचारलं, "पुरावा?"

तू हसलीस. "पुराव्याला तर आपणच गोदावरीवर पोचवून आलाव की, आक्का."

शेजारच्या टेबलावरचा क्लार्क मान खाली घालून हसला, आणि मला राग आला. शाळेतल्या सिस्टरांनी बोटांवर पट्ट्या मारून घडवलेल्या माझ्या वळणदार अक्षरात मी लिहिलं, निरंक.

तू वाकून बघितलंस. "म्हंजे काय हो?"

"म्हणजे काही नाही."

"बरं," म्हणालीस, आणि सही केलीस.

भांडली का नाहीस गं? मी आयुष्यभर भांडणाऱ्या माणसांचंच तेवढं ऐकत आले, हे तुला माहीत होतं!

नऊ वर्षांत आईच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर यायचे, चादर सारून पाठ बघायचे आणि म्हणायचे, दवाखान्यातसुद्धा अशी पाठ राहत नाही. नाकातल्या नळीतून पेज, दोन-दोन तासांनी कूस बदलणं, साखरेचं इंजेक्शन. आईची जीभ वळत नव्हती, तिचा हुंकार फक्त तुला कळायचा. "आत्याबाई म्हणून राहिल्या, आक्काला चहा द्या."

आणि मी? मी रविवारी यायचे. संत्री आणायचे, तासभर बसायचे, चादरीच्या घडीला नावं ठेवायचे. दोन वर्षांनी तू भीत भीत म्हणालीस, "आत्याबाईला संत्रं गिळवत न्हाई आक्का. ते आम्हीच खातोत." दोन वर्षं तू माझी संत्री हसून घेतलीस!

आता खरं सांगते. डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र पुरावा म्हणून चाललं असतं. नियम मला पाठ होता. परक्या बायकांना मी तो स्वतःहून सांगत असे. तुला सांगितला नाही. आपल्याच भावजयीची वर्णी लावली असं कुणी म्हणू नये म्हणून, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. किती सोज्वळ कारण! कागदावर खोटं लिहायचं नाही, ही शाळेची शिकवण मी पाळली म्हणे.

कारण वेगळं होतं. त्या रकान्यात तुझी नऊ वर्षं लिहिली असती, तर त्या नऊ वर्षांत लेक कुठे होती, असं कुणी ना कुणी विचारलंच असतं. निदान मी तरी.

मग तुला शिवणकामाच्या वर्गात ढकललं. तिथे जागा रिकाम्या होत्या आणि आम्हाला आकडे भरून द्यायचे होते. कौशल्य, कौशल्य म्हणून भिंतीभर फलक लावणारे आम्ही! तुझी शिलाई वाकडीच राहिली. गल्लीतल्या साड्यांना फॉल लावत बसलीस. त्याच रुग्णसहायकाच्या कोर्सचं प्रमाणपत्र मिळालेली शेजारची पोरगी तुझ्याच दारात आली होती, पेशंटखालची चादर त्याला न उठवता कशी बदलायची ते विचारायला. तू अशोकला पलंगावर आडवं केलंस आणि करून दाखवलंस. मला हे सांगताना हसत होतीस. मीही हसले.

तो शब्द मात्र तू घरी नेलास. "आक्का, वरणात मीठ निरंक झालंय, वरून घ्या." "गॅस निरंक, चुलीवरचा चहा चालंल का?" ते टोमणे होते का गं? की तुला तो शब्द नुसता आवडला होता? विचारायची हिंमत मला झाली नाही, आणि माझ्याकडे हिंमत कमी आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

तू जायच्या आधीच्या रविवारी मी विचारलं, "चेहरा का उतरलाय? काही दुखतंय का?"

"तक्रार निरंक," म्हणालीस. आणि मी तेच मान्य केलं. पुरावा मागायची एकुलती एक वेळ होती ती, पद्मा. नेमका तेव्हा मागितला नाही.

खिडकीतला शेवटी म्हणाला, "प्रतिज्ञापत्र आणा, मग बघू." उद्या मी वकिलाकडे जाते. शपथेवर लिहीन: नळी, पेज, इंजेक्शन, ती पाठ, आणि नऊ वर्षं. खिडकीनं घेतलं तर ठीक. नाही घेतलं तर तुझ्या नावापुढे तुझं काम लागेपर्यंत रोज जाऊन उभी राहीन. निवृत्त बाई आहे, मला कुठं जायचंय?

शपथ घेणारीचं नातंही लिहावं लागेल. मयताच्या पेशंटची मुलगी. मग कुणी विचारेल, मुलगी होतात ना, त्या नऊ वर्षांत तुम्ही काय केलंत? तेही मीच लिहून देईन, त्याच वळणदार अक्षरात.

निरंक.

तुझी,
आक्का