नवरदेवाची पोटरी

होसूर, ६ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
धाकट्या बिरूचा सा. न. वि. वि.

फोन केला न्हाय, कारण आपल्याकडं फोन वाजला की स्पीकर लावून अख्खी आळी ऐकती. हे एकटीनं वाच. दाजींना बी दावू नको.

माझ्या डाव्या पोटरीवर निळ्या शिरा फुगल्यात. आदी दोऱ्यासारख्या होत्या, आता गांडुळं झाल्यात. कँटीनात बारा तास उभ्यानं चपात्या लाटायच्या, दुसरं काय हुणार! हितला डॉक्टर म्हणाला, शिरंतली दारं ढिली झाली, वर चढायचं रक्त माघारी येतंय. म्हंजे आपल्या शेताला पाणी आणणाऱ्या चारीचं दार गळतं तसंच की. त्यानं घट्ट मोजे दिले. मी शहाणा ते संध्याकाळी सुजल्या पायात घालाय गेलो. दोघांनी मोजा ओढला, एकानं मला धरलं, आन मोजा गुडघ्याला पोचला तवा चौघं बी जमिनीवर. मागनं कळलं, सकाळी अंथरुणातनं उठायच्या आदी घालायचा असतो.

खरं भ्याव येगळंच हाय. एप्रिलात लग्न. हळदीला अर्ध्या चड्डीवर पाटावर बसवणार, गुडघ्यापतोर चोळणार. पळसदेवची माणसं पोटरी बघून नवरदेव रोगी म्हणाली आन सोयरीक मोडली तर? निकिता मला लई आवडलीय गं. लग्न दिवाळीपुढं ढकलता आलं तर बघ.

माया पातळ करू नको.
तुझा बिरू

बावडा, १५ फेब्रुवारी

चि. बिरूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी डोळ्यांत पाणी आलं. मग मोज्याचं वाचलं आणि इतकी हसले की सासूबाई चुलीपासनं उठून आल्या. तुझ्या दाजींनी पत्र हिसकून वाचलंच. उजनीच्या पाण्यातली जळू लाव म्हणाले. मी म्हटलं, आधी तुमच्या ढेरीला लावून बघू.

बारामतीला शिरांच्या डॉक्टरांकडं जाऊन विचारलं. आधी उभं करून पायाची सोनोग्राफी करतात. मग कुणाला नुसते मोजे पुरतात, कुणाला शिरेत फेसाचं इंजेक्शन देतात, कुणाची शीर आत बारीक तार घालून लेझरनं बंद करतात. बहुतेक माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो म्हणे. काय करायचं ते डॉक्टर ठरवणार, तू साडी निवडल्यागत निवडायचं नाहीस.

लग्न ढकलणार नाही. आणि ऐक, तुझं पत्र मी निकिताला वाचायला दिलंय. तिच्यापासनं लपवून संसार करणार होतास व्हय?

पाय उशीवर घेऊन झोपत जा. अक्काला विसरू नकोस.
तुझी अक्का

होसूर, २३ फेब्रुवारी

ती. सौ. अक्कास, सा. न.

तू सख्खी बहीण का शेजारीण? पत्र आल्यापासनं माझ्या चपात्या करपायल्यात. मुकादम म्हणला, नवरदेवाला चुलीवरनं उठवा.

बारामतीची वेळ घे. लेझर करू दे, इंजेक्शन करू दे, फकस्त मला सुई दावू नका म्हणावं. पण आदी निकिता काय म्हणली ते कळव. न्हाय म्हणली आसंल तर लिहू नको, कोरं पाकीट धाड. मी समजून घेईन.

रागावलेला, पण तुझाच,
बिरू

पळसदेव, ३ मार्च

श्री. बिरूराव यांस निकिताचा नमस्कार.

अक्कांनी तुमचं दुसरं पत्रही वाचायला दिलं आणि लिहायला सांगितलं, म्हणून लिहिते. खरं म्हणजे मलाच लिहायचं होतं. गंमत म्हणून कोरं पाकीट टाकणार होते, पण तुमच्या चपात्यांची दया आली.

बारामतीची वेळ सतरा तारखेला घेतलीय. अक्का आणि मी, दोघी येणार. सुई आली की तुम्ही माझ्याकडं बघा. आमच्या आईच्याही पायाला शिरा आहेत, बाजारात उभं राहून वांगी विकून झाल्यात. पोटरी बघून सोयरीक मोडायची, तर आमचं घर आधीच मोडलं असतं. हळदीला अर्धी चड्डीच घाला.

तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही एक लिहिते. घराबाहेर अजून कुणाला सांगितलं नाही. माझा पुढचा एक दात खोटा आहे. पाचवीत हापशाच्या दांड्यानं पडला. तुम्ही बघायला आलात तेव्हा अख्खा वेळ ओठ मिटून बसले होते, आणि तुमच्या घरचे म्हणाले, पोरगी लई शांत हाय.

लग्नात मी तोंड उघडून हसणार आहे. तयारीत या.

आपली होणारी,
निकिता