पृष्ठक्रमांकाशेजारचे बारीक अक्षर

माझ्यासारख्या सव्वीस वर्षांच्या, चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मुलीने मृत्युपत्र लिहावे हा आगाऊपणा आहे. त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. मी, मिनल ज्ञानदेव ओव्हाळ, राहणार पिंपरी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवते. प्रकृती ठणठणीत आहे. मरत आहे ते ‘चाकवाट’ मासिकात चार वर्षे छापले गेलेले माझे नाव. त्याच्या मागे जे उरते त्याची ही व्यवस्था.

१. ‘घरचा दवाखाना’ हे माझे सदर आजपासून बंद. संपादक ज्योतीराम सर यांनी ते माझ्या नावाने पुन्हा चालवू नये.

२. मासिकाच्या पिंपळे सौदागरच्या कार्यालयात माझ्या खणात ऑगस्ट अंकाचे, छपाईपूर्वी तपासलेले मुद्रित आहे, ते सरांना देते. त्यात मधुमेहावरच्या एका चूर्णाचा, विक्रेत्याकडून आलेला मजकूर आहे. “ही भाषा जरा तुझ्यासारखी गोड कर गं,” म्हणून सरांनी तो माझ्या सदरात घातला. मी गोड केला. ‘गोळ्यांची गरज हळूहळू उरत नाही’ हे वाक्य माझे, दहावीला मराठीत पहिल्या आलेल्या मुलीचे. मुद्रितावर मी पेन्सिलीने ‘वर ठळक “जाहिरात” असे छापावे’ लिहिले होते. सरांनी ते खोडरबराने पुसले. कागद उजेडात धरल्यास अजून दिसते. ते पुसत असताना मी समोर बसून होते.

३. माझी आई कस्तुरा दर रविवारी विहारात वंदनेनंतर बायकांना माझे सदर मोठ्याने वाचून दाखवते. त्या पानाच्या तळाशी, पृष्ठक्रमांकाशेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘प्रायोजित’ छापले होते. मोठ्याने वाचताना पृष्ठक्रमांक कोणी वाचत नाही. आईनेही वाचला नाही. शेजारच्या कौशल्याबाईंनी ऐकले आणि गोळ्या सोडल्या. ऑक्टोबरात त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटे कापावी लागली.

इस्पितळात त्या मला म्हणाल्या, “तुझं नाव ऐकलं, मंग इचारायचं काय? तू काय खोटं लिव्हशील व्हय?”

सर म्हणाले, “खाली छापलंय ना? न वाचणाऱ्यांची जबाबदारी मी घेऊ? आणि वर जाहिरात लिहिलं तर वाचणार कोण, सांग.” शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांना माझे नाव हवे होते. त्यांची ही वाक्ये मी त्यांनाच परत देते. मला ती घरात नकोत.

४. मुद्रिते तपासण्याचे माझे भिंग आईस. तिने यापुढे कोणतेही पान आधी तळाशी पाहावे, मग वाचावे.

५. शाळेने बक्षीस दिलेला शब्दकोश विहाराच्या कपाटास. आतील पानावर ‘सत्यनिष्ठ विद्यार्थिनीस’ असे लिहिले आहे. ते कोणी खोडू नये, मलाही खोडू देऊ नये.

६. सोबत जोडलेला खुलासा पुढील अंकात त्याच पानावर, वरच्या बाजूस, सदराच्या मथळ्याएवढ्या अक्षरांत छापावा: ‘ती जाहिरात होती. गोळ्या सोडू नका. मी चुकले.’ परंतु विहारातील आणखी दोघी ते चूर्ण आजही घेत आहेत. त्यांना पुढच्या अंकापर्यंत अंधारात ठेवणे मला मान्य नाही. म्हणून आज वंदनेनंतर आई हे मृत्युपत्रच वाचून दाखवील. मी तिच्या शेजारी उभी राहीन. कोणी काही विचारले तर उत्तर मी देईन.

७. माझा राग कोणासही देत नाही. तो मला लागणार आहे.

साक्षीदार:
कस्तुरा ज्ञानदेव ओव्हाळ (सही)
कौशल्याबाई (डाव्या हाताचा अंगठा)

अंगठा उठवण्यापूर्वी कौशल्याबाईंनी हे आईकडून दोनदा वाचून घेतले. मग विचारले, “तळाला काय न्हाई ना, कस्तुरा?”

आईने भिंग लावून पाहिले. “न्हाई.”

स्थळ: पिंपरी
संपादकांना पाठवले: रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८ वाजून ४० मिनिटे.