बॅग उतरवण्याबद्दल

प्रिय खुशालचंद,

हे नाव तुला बाबांनी ठेवलं. वार्षिक परीक्षेच्या दिवशी सकाळी तू सायकलच्या साखळीला तेल घालत बसला होतास, तेव्हापासून. आता तुझी चाळिशी उलटली, कपाळ मागे सरकत टाळूपर्यंत गेलं, तरी दुसरं कुठलंही नाव तुला इतकं बसत नाही. तुम्ही तिघं नदीवरचा जुना पूल पाहायला चालत गेला आहात आणि जेवायच्या आत काही परत येत नाही. मी तुझ्या सासूबाईंच्या शिवणाच्या टेबलाशी, चिंध्या बाजूला सारून, लिहायला बसले आहे. टेबलाचा एक पाय आखूड आहे. अक्षर हललेलं दिसलं तर हात कापतो आहे असं समजू नकोस. माझा हात ठीक आहे.

तुला आठवत असेल, घर विकून कायमचं गाडीत राहायला निघायचं ठरलं, तेव्हा शेजारीपाजारी माझी कीव करत होते. म्हातारीला पोरानं गुंडाळलं, असं जिन्यात उभं राहून बोलायचे आणि मी वर येताना दिसले की गप्प व्हायचे. मी त्यांना ठणकावून सांगितलं, मी पदवीधर बाई आहे, कागद वाचून सही करते. आणि खरंच वाचून केली. तू म्हणाला होतास, 'आई, तू नसशील तर आम्ही निघतच नाही. वाटेत सगळे नातेवाईक भेटतील, आणि जन्मभर शिकवलास तो इतिहास एकदा डोळ्यांनी तरी बघ.' माझी नस तू बरोबर पकडलीस. मुलींच्या शाळेत मी फळ्यावर इतके किल्ले काढले, पण प्रत्यक्षात एकाचीही पायरी चढले नव्हते.

सुरुवातीचे महिने मला आवडले. हे लिहायला हवं, नाहीतर बाकीचं पत्रही खोटं वाटेल. खिडकीजवळची माझी जागा, मागे पळणारी शेतं, भिंगरीचा अभ्यास. नातीकडून मी सनावळ्या पाठ करून घेतल्या नाहीत. बुरुजाच्या सावलीत बसून गोष्ट सांगितली की सन तिच्या आपोआप लक्षात राहायचे. आणि मला कामही होतं. गाडी मागे घ्यायची असली की तू ओरडायचास, 'आई, मागे!' मी उतरून मागे उभी राहायची आणि पत्र्यावर थापा मारायची. एक थाप म्हणजे चल, दोन म्हणजे थांब. सूनबाईंनी त्याचासुद्धा व्हिडिओ केला. 'या आमच्या आजी, हाच आमचा रिव्हर्स कॅमेरा!' कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांनी मला बदाम पाठवले. उभ्या जन्मात एवढे बदाम मला कोणी दिले नव्हते, तुझ्या बाबांनीही नाही.

मग तू खराखुरा कॅमेरा बसवून घेतलास. चांगला आहे तो, पावसातही दिसतं म्हणे. त्यानंतर व्हिडिओत मी हळूहळू कडेला सरकत गेले. आधी नुसता खांदा, मग कोपर, मग काठी. मी सोबतीला गोड बाई नाही, हे मला ठाऊक आहे. गाडी सारखी थांबवावी लागते, पहाटे खोकते, आणि कोणी चुकीचं बोललं की दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. एवढ्याशा जागेत एक शिक्षिका म्हणजे बाकीचे तिघं कायमचे वर्गातच बसलेले. तुम्ही कंटाळलात याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते बॅगचं.

गाडीचा नियम तूच घालून दिलास. कोणाकडेही मुक्कामाला गेलो तरी प्रत्येकाने एक कापडी पिशवी घेऊन उतरायचं. कपडे, ब्रश, टॉवेल, संपलं. बाकीचं घर गाडीतच राहील. माझी मोठी तपकिरी बॅग तर अगदी तळाशी, माझ्या सीटमागे पट्ट्याने आवळलेली. ती काढायची म्हणजे आधी पाण्याचे कॅन, मग शेगडी, मग घडीचं टेबल, मग भिंगरीची सायकल, असा सगळा संसार रस्त्यावर मांडावा लागतो. चुकून उतरेल अशी ती बॅगच नाही. तरी तुझ्या काकांच्या दारात ती उतरली. बाकीच्या दोघी आपापली पिशवी घेऊन आत गेल्या आणि तू मागून घामाघूम होऊन माझी बॅग, उशी आणि पाय ठेवायचं स्टूल घेऊन आलास. 'असू दे गं, सगळं हाताशी असलेलं बरं.' मी वेडी मनातून सुखावले. जावेला म्हटलंसुद्धा, बघ, किती करतो माझं. ती चहात साखर ढवळत राहिली, साखर केव्हाच विरघळली होती तरी. निघताना तू ती बॅग परत चढवलीस, तेव्हा पट्टा इतका करकचून ओढलास की बॅगचं बक्कल वाकलं. मला वाटलं, उन्हाने वैतागला असेल.

मग माझ्या भावाचं घर. खाली औषधांचं दुकान, वर राहायला. तिथेही कॅन, शेगडी, टेबल, सायकल आणि माझी बॅग. सकाळी न्याहारीला वहिनी एकाएकी, कोणी काही विचारलेलं नसताना, भिंतीकडे बघून म्हणाली, 'आमचा जिना फार उभा आहे हो. वय झालेल्या माणसाचं काम नाही ते.' वहिनी माझ्याहून मोठी आहे आणि दिवसभर त्याच जिन्यावर वर-खाली करत असते. मी तुझ्याकडे पाहिलं. तू ताटलीतून मान वर केली नाहीस. निघताना भावाने खोकल्याच्या गोळ्यांचा अख्खा डबा माझ्या हातात कोंबला, नजर चुकवून. लहानपणी माझ्या वाटचा खाऊ खाल्ला की तो असाच उभा राहायचा. मी विचारात पडले, पण विचार शेवटाला नेला नाही. नेता येत होता. न्यायचा नव्हता.

पुढचा मुक्काम भाचीकडे. ती नर्स आहे, तिला आडवळणाने बोलायला फुरसत नसते. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता म्हणाली, 'मावशी, दादाने तुला सांगितलंय ना? तुझ्यासाठी विचारत होता. कायमचं. मी नाही म्हटलं. माझ्या पाळ्या या अशा, तू दिवसभर एकटी कुलपात बसणार. रागावू नकोस हं.' मी रागावले नाही. हातात चिमटा होता, तो दोरीला लावला. मग विचारलं, आणखी कोणाकोणाला विचारलं आहे त्याने? ती चपापली. 'तुला ठाऊक नव्हतं? अगं, सगळ्यांना ठाऊक आहे.' त्या एका वाक्यासरशी जावेचा चहा, वहिनीचा जिना आणि भावाच्या गोळ्या, सगळ्याचा उलगडा झाला. आपण नातेवाइकांना भेटत नव्हतो रे. तू दारोदार मला दाखवत फिरत होतास. आणि कोणी हो म्हणालंच तर पुन्हा खोळंबा नको, म्हणून बॅग आधीच उतरवून ठेवत होतास.

त्यानंतर आपण तो तलावातला महाल पाहिला, होडीने जावं लागलं तो. तू कॅमेऱ्याकडे बघून सांगत होतास, 'मित्रांनो, राजाने हा देखणा महाल खास आपल्या आईसाठी बांधला. काय प्रेम असेल, विचार करा!' सूनबाईंनी बऱ्याच दिवसांनी मला पुढे बोलावलं. विषय आईचा, तेव्हा चित्रात आई हवी होती. मी हसले. मग तुम्ही दोघं वरचा मजला बघायला गेलात आणि मी ते दालन नीट पाहिलं. खिडक्या मोठ्या, वारा छान, चारी बाजूंनी पाणी. दाराला कडी बाहेरून. आतून कडी नाही, कडी असल्याची खूणही नाही. मी लाकडावरून हात फिरवून पाहिलं. भिंगरी माझ्या मागेच होती. ती म्हणाली, 'आजी, पण राजाच्या आईला आतून दार लावायचं असेल तर?' जन्मभर मी मुलींना सांगत आले, पाटी नंतर वाचा, आधी भिंत वाचा. नात शिकली. मी तिला म्हटलं, बाबाला विचार. तिने विचारलंही. तू म्हणालास, 'जुनं दार आहे गं, पडली असेल कडी.'

आता तुझ्या सासूबाईंविषयी. तुम्ही नवरा-बायको त्यांना पाठीमागे फौजदार म्हणता, आणि मीही म्हणत आले. तुमच्या लग्नात आमचं खुर्च्यांवरून बिनसलं ते बिनसलंच. त्यानंतर आम्ही जवळ उभ्या राहिलो ते फक्त फोटोपुरत्या. त्यामुळे या दारात माझी बॅग उतरली नाही. हे घर तुझ्या हिशेबातच नव्हतं. कित्येक महिन्यांनी मी चारचौघांसारखी, एक पिशवी घेऊन, पाहुणी म्हणून उतरले. काल तुम्ही बाजारात गेलात तेव्हा त्या मशीनवर बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, 'विहीणबाई, मला कायमची ठेवून घ्याल का?' त्यांनी मशीन थांबवलं नाही. शिवण शेवटापर्यंत नेली, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाल्या, 'पोरांनी टाकलं वाटतं?' मी म्हटलं, टाकायला जागा शोधताहेत. 'मग माझ्याकडे नाही आले ते?' मी म्हटलं, तुमची भीती वाटते त्यांना. तेव्हा फौजदार हसला. खदाखदा, खुर्ची हलेपर्यंत. म्हणाल्या, 'मला सोबतबिबत काही नको. पण मशीन चालू असलं की मला बेल ऐकू येत नाही, गिऱ्हाईक दारातून परत जातं. दार तुम्ही उघडायचं. भाजी तुम्ही चिरायची. सकाळी माझ्याशी बोलायचं नाही, भांडायचं असेल तर चहानंतर. आणि माझं बोलणं सुधारायचं नाही.' शेवटची अट जड जाणार आहे, पण मी कबूल केली. एवढ्यात सगळा मामला आटोपला. तू इतके दिवस घरोघरी कोपऱ्यात नेऊन जे कुजबुजत होतास, ते मला भर दिवसा एका वाक्यात विचारता आलं. प्रश्न माझ्या राहण्याचा होता. तो मला विचारू द्यायचा होतास.

मागची खोली मला मिळाली आहे. एक खाट, कापडांचे गठ्ठे, गल्लीकडे उघडणारी खिडकी. दाराला आतून कडी आहे. लावून पाहिली.

तुम्ही पुलाकडे वळलात तसं आम्ही दोघींनी गाडी उघडली. कॅन, शेगडी, टेबल, सायकल, एकेक करून खाली घेतलं, बॅग काढली आणि बाकीचं जिथल्या तिथे लावून टाकलं. विहीणबाई प्रत्येक वस्तूला शिव्या घालत होत्या आणि उरलेल्या शिव्या जावयाला. माझ्या सीटमागे आता बरीच जागा झाली आहे. रिकामा पट्टा तेवढा आवळून ठेवला आहे, नाहीतर वळणावर खडखडत राहील.

उद्या निघताना मी सांगेन की गुडघा धरला आहे, चार दिवस इथे राहते, येताना मला घेऊन जा. तू दोनदा नको म्हणशील आणि तिसऱ्यांदा हो म्हणशील. न्यायला येऊ नकोस. भेटायला ये, सगळ्यांसारखी एक पिशवी घेऊन ये. आत्याकडे आणि पुढे आणखी ज्यांच्याकडे जाल तिथे माझ्यासाठी कोणाला कोपऱ्यात घेऊ नकोस, त्याची आता गरज उरलेली नाही. भिंगरीला आजी थकली असं सांगू नकोस, आजीने स्वतः घर शोधलं असं सांग. हे सगळं मी तोंडाने का सांगितलं नाही, असं तुला वाटेल. सांगितलं असतं तर तुझ्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली असती आणि मग रडू आलं असतं. तुझं रडू मी पुष्कळ पाहिलं आहे, पुसलंही आहे. सुटका मला बघायची नाही. म्हणून हे पत्र लिहिलं, आणि ते तुझ्या डोक्यावरच्या ऊन अडवायच्या झडपेत खोचून ठेवणार आहे. मोठ्या रस्त्याला लागलात आणि ऊन डोळ्यांवर आलं की तू ती खाली ओढशीलच. तेव्हा तुझा चेहरा कसाही होवो, समोर मी नसेन. गल्ली अरुंद आहे. तुझा कॅमेरा असला तरी गाडी काढताना मी मागे येऊन उभी राहीन. थाप मात्र एकच मारीन.

तुझीच,
आई