दुसऱ्या वैशाखाचा पेंढा

मार्गशीर्ष वद्य पंचमी

आमच्या म्हाताऱ्या कपिला गाईने आज पेंढ्याच्या हिशेबाचा कागद खाल्ला. एकही ऱ्हस्व-दीर्घ न चुकता लिहिलेला कागद! कोपरा तेवढा उरला, त्यावर तिचंच नाव.

धाकटा भाऊ म्हणतो, गुरांचा व्यापारी आलाय, हिला देऊन टाक, म्हणजे बैलांना पेंढा पुरेल. नाही देणार. गडी धर्मा हसला, "गुरुजी, दूध नाय देत, मग पेंढा कशाला तिला?"

"मी तरी कुठं दूध देतो रं? मला वाढतातच ना ताटात!"

"तुमी शाळंत शिकवता तरी."

कागद पुन्हा लिहिला. कपिलेचं नाव मुद्दाम सगळ्यांच्या वर. ज्येष्ठात पाऊस लागेपर्यंत रोजच्या पेंढ्या अगदी बरोबर बसवल्या. वाचून दाखवला, तर धर्मा बोटं मोजत म्हणाला, "पन पुढल्या साली वैशाख दोन हायेत ना?"

जन्मभर पंचांग चाळलं, आणि अधिक महिनाच विसरलो!

तरी तिचं नाव खोडलं नाही, खोडणारही नाही. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या वैशाखात गोठ्यात घालायला काडी नसेल, आणि नंतर बैल नांगराला उभे राहतील का, याची मला भीती वाटते.