दादा, गिअरबॉक्स उघडतेय

प्रिय दादा,

शर्यतीला थोडाच वेळ उरलाय आणि मी यवतमाळच्या या मैदानाच्या कडेला, तुझी रिमोटची गाडी मांडीवर उलटी ठेवून, तुला पत्र लिहीत बसलेय. वेड लागलंय का मला? लागलं असेल. पण तुझ्याशी बोलल्याशिवाय हातच चालेना.

सरावाच्या फेरीत गाडी किंचाळली रे! वळणावर मागची चाकं अडकली, जळका वास आला. मागचा गिअरबॉक्स उघडावाच लागणार. आणि तो तू बंद केलायस. त्या स्क्रूंना तुझ्यानंतर कोणी हात लावलेला नाही.

आठवतं? कापूस येईनासा झाला, सरकी काढायला काही उरलं नाही, तू कामाला होतास ती दिग्रसची जिनिंग त्या हंगामात बंदच राहिली आणि तुझ्यासारखा फिटर घरी बसला. आई धास्तावली. तू मात्र रिमोटच्या गाडीचं किट मागवलंस! "शर्यतीची गाडी हाय आई, खेळणं नोहे," म्हणालास. मग माझ्याकडे वळून, "बांधीन मी, चालवशीन तू. माहा हात जड हाय."

जुन्या चादरीवर सुटे भाग मांडून बसायचास. एकेक बेअरिंग कानाशी धरून फिरवायचास. जिनिंग चालू होती तेव्हा जेवताना पलीकडे तिथला पट्टा करकरला तरी ताटावरून उठणारा माणूस तू! मग स्वतःच्या छातीत दुखत होतं, ते आम्हाला का नाही सांगितलंस? याचा मला अजून राग येतो, दादा. फार येतो.

शेजारी गाड्या दुरुस्त करणारे रफिकभाई बसलेत. आत्ताच म्हणाले, "खोला ना ताई, कायले भिऊन राह्यल्या?" काय सांगू त्यांना? तू हाताने केलेलं हे शेवटचं काम. ते मी मोडायचं?

थांब. उघडते.

उघडला. आत ग्रीसचा ठिपकासुद्धा नाही! दातेरी चाकं लख्ख पुसलेली, आणि दात्यांत कापसाच्या रुईचा एक पुंजका गुंतलेला. किटबरोबर कंपनीतूनच लावून आलेलं ग्रीस तू रुईच्या बोळ्याने पुसून काढलंस ना? जिनिंगमध्ये कुणी तेलकट हात घेऊन आला की ओरडायचास, "रुईले डाग पडते! आग धरते!" अरे, या गाडीत कुठला आलाय कापूस? मी हसतेय, रडतेय, आणि रफिकभाई घाबरून बघताहेत.

पुंजका ओढणीच्या टोकाला बांधून ठेवलाय. ग्रीस मात्र भरलं, चांगलं बोटभर. रागव हवं तर. स्क्रू तू शिकवलेस तसेच, आधी समोरासमोरचे कसले. चाकं फिरवून कानाशी धरली. आवाज गेला, दादा!

आपल्या नावाचा पुकारा झाला. जाते. गाडी उलटली, मागे पडली, तरी शर्यत मधेच सोडणार नाही. आणि अजून एक वचन देते, तुझ्यावर रागावून देते: माझं कधी काही दुखलं, तर त्याच दिवशी आईला सांगेन.

तुझी ड्रायव्हर,
मंगल