एमेटदाजींची मिशी आणि माझा पांढरा शर्ट

हॅरो क्रीक, नेब्रास्का
मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय अर्डिसताई,

धाकट्या भावाचा, मान खाली घालून, नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? डलुथला गारठा सुरू झाला असेल, जिना उतरताना कठडा धरत जा. मांजराच्या कानाचं काय झालं? इकडे आम्हा नवरा-बायकोंपैकी लव्हॉन ठणठणीत आहे आणि मी जिवंत आहे. हे पत्र खुर्चीत बसून वाच, पण शेकोटीवरच्या फळीवरचा फोटो समोर दिसतो त्या खुर्चीत नको. (कारण पुढे येईल. ते जितकं लांबवता येईल तितकं मी लांबवणार आहे.) फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तुझा आवाज ऐकला की मी सातव्या वर्षापासून खोटं बोलत आलो आहे, आणि या वेळी खोटं बोलण्याची सोय उरलेली नाही.

ताई, मी घाबरलो आहे. काल लव्हॉनने टूना-नूडलचा कॅसरोल केला आणि मी तो एकदाच वाढून घेतला. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. वीस तारखेला शनिवारी सकाळी दहा वाजता मला गावच्या वाचनालयात वर्ग घ्यायचा आहे, विषय 'तेजोमेघाचा फोटो कसा घडतो'. कुठला तेजोमेघ, हे तुला सांगायला नको. तुझ्याकडे आहे तोच फोटो वाचनालयाच्या दारासमोरही टांगलेला आहे, आणि तो मी अगदी पहिल्या कच्च्या फोटोपासून, मोठ्या पडद्यावर, चौदा माणसांसमोर पुन्हा घडवून दाखवायचा आहे.

यात घाबरण्यासारखं काय, असं तुला वाटेल. दाजी तुला जेवताना हे सगळं सांगायचे आणि तू ऐकत नव्हतीस, हे मला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. दुर्बिणीला लावलेला कॅमेरा पाच-पाच मिनिटांचे फोटो काढत राहतो. एकेका फोटोत काळोख आणि खरखर यापलीकडे फारसं काही नसतं. असे ऐंशी-नव्वद फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचले की खरखर विरते आणि तेजोमेघ वर येतो. मग तो ताणायचा, म्हणजे अंधुक उजेड हळूहळू उजळ करत न्यायचा. इथपर्यंत शास्त्र. इथून पुढे मोह. मी ताणतो, कडा धारदार करतो, रंग वाढवतो, आणि थांबावं कधी हे मला कधीच कळलेलं नाही. (मागे एक दीर्घिका मी इतकी धारदार केली होती की लव्हॉन म्हणाली, "मर्ल, हिला हात लावला तर कापेल." आणि तुझ्याकडचा हा रोझेट तेजोमेघ पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, "चेरीचा मुरंबा सांडलाय तो पूस आधी.")

माझ्या या सवयीला आमच्या आकाशनिरीक्षकांच्या क्लबात कोणी नाव ठेवलं नाही, कारण क्लबात सगळेच मुरंबा सांडणारे आहेत. पण जूनमध्ये डॉक्टर क्विगलीबाई सभासद झाल्या. त्या ओमाहाच्या एका इस्पितळात चाळीस वर्षं एक्स-रे वाचत होत्या, आता निवृत्त होऊन बहिणीशेजारी राहायला आल्या आहेत. बाई उंच, शांत आणि अत्यंत सभ्य. मी इतकं भयानक माणूस आजवर पाहिलेलं नाही. वाचनालयात त्या माझ्या फोटोसमोर अकरा मिनिटं उभ्या राहिल्या. (मी वर्तमानपत्राआडून घड्याळ लावलं होतं.) मग माझ्याकडे वळून, लोकांच्या देखत, गोड आवाजात म्हणाल्या, "मर्ल, याचे फ्लॅट काढले होतेत ना?"

"अर्थात," मी म्हणालो.

"छान! मग वर्गात तेही दाखवा. नवीन लोक नेमके तेच टाळतात."

फ्लॅट म्हणजे काय ते ऐक. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा कपडा ताणून बांधायचा आणि दिवसाउजेडी त्या कपड्याचे फोटो काढायचे. कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ, डाग जे काही असेल त्याची सावली त्यात उमटते, आणि कॉम्प्युटर तेवढी सावली खऱ्या फोटोतून काढून टाकतो. अठरा वर्षं मी हे काम टाळलं. आकाश फोटो काढायला तयार असताना शर्टाचे फोटो काढणारा माणूस मला जरा कमी प्रतीचा वाटायचा.

तर दिलेला शब्द खरा करावा म्हणून मी आज दुपारी माझा चर्चचा शर्ट घेऊन मागच्या शेडमध्ये गेलो. कॅमेरा जानेवारीपासून दुर्बिणीवर तसाच होता, त्यामुळे उशिरा का होईना फ्लॅट काढता येत होते. शर्ट बांधला, फोटो काढला, पडद्यावर पाहिला. ताई, स्वच्छ पांढऱ्या शर्टावर, उजवीकडे खाली, दाजींची मिशी होती.

मला आधी वाटलं, शर्टाचा दोरा असेल. शर्ट फिरवला. मिशी तिथेच. लव्हॉनकडून उशीचा अभ्रा मागून आणला. ("कशाला हवाय?" "फोटो काढायला." ती खिडकीत येऊन उभी राहिली.) अभ्र्यावर मिशी. शर्ट, अभ्रा सगळं सोडून दुर्बीण शेजारच्यांच्या धान्याच्या कोठाराकडे वळवली. कोठारावर मिशी. पाच हजार प्रकाशवर्षं दूर असलेली गोष्ट माझ्यामागोमाग कोठारापर्यंत आली, आणि मी बादली उलटी करून तिच्यावर बसलो.

आता तुला कळलंच असेल. एप्रिलमध्ये दाजींच्या आठवणीसाठी चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं, तेव्हा मी उभा राहून काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. दाजींचा कॅमेरा तू मला बिस्किटांच्या डब्यात घालून दिलास, त्याच कॅमेऱ्याने हा फोटो काढला, आणि यात लाल उजेडावर एक काळी वेलांटी दिसते ती मला कुठल्याच नकाशात सापडली नाही, ती धुळीचा मेघ असणार, आणि ती हुबेहूब दाजींच्या मिशीच्या टोकासारखी आहे. तेव्हा तू हसलीस. नोव्हेंबरात दाजी गेले, त्यानंतर पहिल्यांदा हसलीस. तुला ते आठवत नसेल, पण हॉलमधल्या प्रत्येकाने खाणं थांबवलं होतं. आणि मग तू मला फोनवर सांगितलंस की झोपायला जाताना तू त्या मिशीला शुभ रात्री म्हणतेस.

ती कचऱ्याची सावली आहे, ताई. मी ती धारदार केली, ताणली, तिला कडा दिल्या आणि भाषण केलं.

खोटं बोलायचा विचार मनात आला नाही असं नाही. तासभर मी कॉम्प्युटरसमोर बसून नवनवीन युक्त्या शिकलो. उमेदीच्या काळात एवढा अभ्यास केला असता तर मी शाळेच्या बस दुरुस्त करत आयुष्य काढलं नसतं. शर्टाच्या फोटोतली मिशी खोडरबराने पुसायची, म्हणजे आकाशातली शाबूत राहील आणि कोणाला कळणार नाही. पुसलीसुद्धा. मग डोळ्यांसमोर पहिल्या रांगेत क्विगलीबाई बसलेल्या दिसल्या, आणि मी पुसलेलं सगळं परत आणलं.

तेव्हा वर्गात मी सगळं कबूल करणार आहे. पण ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. सोबत फ्लॅट लावून नीट केलेला फोटो पाठवतो आहे. खरा तेजोमेघ असा आहे. जमलं तर जुना काढून हा लाव, आणि जमलं तर मला माफ कर.

तुझा,
मर्ल

ता. क. लव्हॉनचा नमस्कार. तिचं म्हणणं, मी तुला उगाच घाबरवतोय आणि तू माझ्यापेक्षा खंबीर आहेस. ती तुझ्याबाबतीत बरोबर आहे.

ता. क. २ (गुरुवार, ११ सप्टेंबर). पत्र टाकायला पोस्टापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. आज दुपारी दारात क्विगलीबाई, हातात आलुबुखाराच्या जॅमची बाटली. मी दार उघडलं आणि त्यांनी काही विचारायच्या आत सगळं ओकून टाकलं. त्या म्हणाल्या, "मर्ल, मी आयुष्यभर सावल्याच वाचल्यात. ती सावली आहे हे मला पहिल्याच मिनिटात कळलं होतं. उरलेली दहा मिनिटं मी बघत होते, कारण ती सुंदर होती." मग त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर रुमाल पसरला, कॅमेरा उघडायला लावला, पर्समधून चिमटा काढला (पर्समध्ये चिमटा घेऊन फिरणाऱ्या बाईला मी उगाच घाबरत नव्हतो) आणि काचेवरून ती वस्तू उचलून भिंगाखाली धरली. "धूळ नाही. केस आहे, माणसाचा. जाड, पांढरा, टोकाला वळवलेला. आणि याला काहीतरी चोपडलंय. मेण?"

बाईंनी दाजींना कधी पाहिलेलं नाही, ताई. मिशीला मेण लावणारा माणूस आपल्या ओळखीत एकच होता. कॅमेरा शेवटचा साफ त्यांनी केला, तुझ्याच टेबलावर, चष्मा कपाळावर ठेवून, नाक काचेला टेकवून. तू त्यांना ओरडतही होतीस. लव्हॉन म्हणाली, "बघ, माणूस गेला तरी मध्ये मध्ये करायचं सोडत नाही." आणि मग ओव्हनमध्ये काहीतरी जळतंय असं म्हणून ती आमच्याकडे पाठ करून तिकडे वळली. ओव्हन बंद होता.

ता. क. ३. नीट केलेला फोटो मी पाकिटातून काढून घेतला आहे. तो बरोबर आहे, क्विगलीबाईंनीही तपासला, पण बराच वेळ पाहिला की त्यात कोणी नाही असं वाटत राहतं. केस सोबतच्या छोट्या पाकिटात आहे. (उघडताना खिडकी बंद ठेव आणि मांजराला बाहेर काढ.) तो तुझा आहे, तुला हवा तर ठेव. नको असेल तर परत पाठव. बाई म्हणतात त्यांचा हात अजून स्थिर आहे, त्या तो नेमका होता तिथेच काचेवर ठेवून देतील. वीस तारखेच्या आत काय ते कळव, फोन केलास तरी चालेल. शेकोटीवरचा फोटो मात्र हलवू नकोस. वर्गात मी एवढंच सांगणार आहे की 'दाजींची मिशी' हे नाव बरोबर होतं, अंतर तेवढं चुकलं.